वॉशिंग्टनची कवळी

मुलगा किंवा पुतणी अमेरिकेत असली की अकोल्या-अमरावतीच्या घरातही एखादी एक डॉलरची नोट जपून ठेवलेली असते. तिच्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे. ओठ घट्ट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग किंचित फुगलेला. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये ज्या चित्रासाठी त्यांना समोर बसवले, त्यावरून हा चेहरा आला. तो करारीपणा वाटतो. पण त्यात बराच वाटा तोंडातल्या कवळीचा होता.

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. उंचपुरे, घोड्यावर तासन्‌तास बसणारे, अंगाने दणकट. दात मात्र तरुणपणीच दगा देऊ लागले. १७५६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एक दात काढून घेतल्याबद्दल पाच शिलिंग दिल्याची त्यांची नोंद आहे. त्यानंतर रोजनिशीत आणि हिशेबात दातदुखी, सुजलेल्या हिरड्या, दंतमंजन आणि ब्रश यांच्या नोंदी येत राहतात. म्हणजे ते निष्काळजी नव्हते. तरुणपणी त्यांना देवी आल्या होत्या आणि त्या काळी पाऱ्याची औषधे सर्रास दिली जात. त्यांनीही दातांचे नुकसान केले असावे, असे काही अभ्यासक मानतात. कीड आणि हिरड्यांचा आजार यांवर तेव्हा दात उपटणे हाच मुख्य उपाय होता.

स्वातंत्र्ययुद्धात सेनापती असतानाही हे दुखणे सुटले नाही. १७८१ मध्ये त्यांनी आपल्या दंतवैद्याला दात साफ करण्याची हत्यारे पाठवण्याविषयी लिहिलेले पत्र ब्रिटिशांच्या हाती पडले होते.

युद्ध संपल्यावर ज्याँ पिएर ल मायर हा फ्रेंच दंतवैद्य त्यांच्याकडे येऊ लागला. एकाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याचा प्रयोग तेव्हा चालत असे. वॉशिंग्टन यांच्या मळ्याच्या १७८४ च्या हिशेबवहीत गुलामांकडून नऊ दात घेतल्याबद्दल १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. जाहिरातीत दातांना जो भाव देऊ केला जाई, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. ते दात नेमके कोणाच्या तोंडात गेले, हे नोंदीवरून ठरत नाही. ज्यांच्या तोंडातून निघाले, त्यांना नाही म्हणण्याची कितपत मुभा होती, हे मात्र सांगायला नको.

३० एप्रिल १७८९ रोजी त्यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली आणि त्या एका दातासाठी तिच्यात भोक ठेवले. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथाच. खरे साहित्य म्हणजे हस्तिदंत, पाणघोड्याचा सुळा, माणसांचे आणि जनावरांचे दात, शिसे, पितळ आणि स्प्रिंगा.

स्प्रिंग कशासाठी, हे समजले की त्यांचा त्रास कळतो. दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते, कारण चावण्याचा दाब त्याला मिळेनासा होतो. हाडाची कड सपाट झाली की कवळीला आधार उरत नाही. म्हणून वरची आणि खालची कवळी स्प्रिंगांनी जोडत. त्या सतत तोंड उघडायला पाहत आणि वॉशिंग्टन यांना ओठ मिटून ती दाबून धरावी लागे. जेवणे अवघड, बोलणे त्याहून अवघड. १७९३ मधले त्यांचे दुसऱ्या शपथविधीचे भाषण अवघे १३५ शब्दांचे होते. त्याचे कारण कवळीच होती असे खात्रीने म्हणता येत नाही, पण ती नक्कीच मदतीची नव्हती.

कवळ्या टिकतही नसत. हस्तिदंत सच्छिद्र असते. त्यात लाळ, अन्न आणि पेयांचे रंग मुरतात, वास येतो. १७९८ च्या शेवटी दुरुस्तीसाठी आलेली कवळी काळी पडल्याचे पाहून ग्रीनवूड यांनी त्याचा दोष पोर्ट वाइनला दिला आणि जेवणानंतर कवळी काढून ठेवण्याचा सल्ला दिला. ओठ पुढे ढकलले जातात ही वॉशिंग्टन यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. १४ डिसेंबर १७९९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, घशाच्या आजाराने त्यांचे निधन झाले.

गंमत अशी, की न कुजणारे दात त्यांच्या हयातीतच निघाले होते. पॅरिसमधील औषधविक्रेते ड्युशातो यांनी हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळून १७७४ च्या सुमारास चिनीमातीची कवळी बनवून घेतली. पुढे दुबुआ द शेमाँ यांनी ती सुधारून तिचे पेटंट घेतले. अडचणी दोन होत्या. भट्टीत भाजताना चिनीमाती आक्रसते, त्यामुळे माप चुकायचे. आणि ती ठिसूळ, त्यामुळे तडकायची.

या दोन्ही अडचणींचे उत्तर मिळायला दोन शतके लागली. आज पूर्ण जबड्याचे पक्के दात झिर्कोनिया या सिरॅमिकचे करतात. तीही भाजताना वीस-पंचवीस टक्के आक्रसते, पण संगणक तेवढा हिशेब धरून दात आधीच मोठे कोरतो. झिर्कोनियात भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण किंचित फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. म्हणून ती जुन्या चिनीमातीसारखी सहज तडकत नाही.

आधाराचा प्रश्न स्वीडनमध्ये सुटला. पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग हाडाशी एकजीव झालेला आढळला. १९६५ मध्ये त्यांनी खालच्या जबड्यात दात नसलेल्या एका रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये त्या रुग्णाचा मृत्यू झाला, तोवर ते कामात होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक.

पण यातून एक गैरसमज होतो. इम्प्लांट हा पाया आणि वरचे दात ही इमारत. दोघांचे आयुष्य वेगळे. इम्प्लांट अनेक दशके टिकू शकते. वरच्या सिरॅमिकचा पाच-सात वर्षांचा अनुभव चांगला आहे; वीस-तीस वर्षांचा अनुभव अजून जमायचा आहे. आतला सांगाडा आणि वर पोर्सेलीनचा थर असेल, तर त्या थराचे टवके उडणे ही नेहमीची तक्रार. एकसंध झिर्कोनियात ती कमी. मात्र जाडी अपुरी असेल किंवा मागचा भाग आधाराबाहेर लांब काढला असेल, तर तीही मोडते. इम्प्लांटला खऱ्या दातासारखा मऊ तंतूंचा आधार नसतो, त्यामुळे आपण किती जोराने चावतो हे नीट जाणवत नाही. रात्री दात खाण्याची सवय असणाऱ्यांनी म्हणूनच झोपताना रक्षक पट्टी वापरावी.

पाया खचतो तो बहुतेक वेळा हिरडीतून. इम्प्लांटभोवती घाण साचली, मधुमेह ताब्यात नसला, तंबाखू, खर्रा आणि विडी सुरूच राहिली, तर भोवतीचे हाड झिजते आणि वरचे दात शाबूत असतानाच सगळे हलू लागते. वऱ्हाडात हा धोका कागदावरचा नाही. पानटपरीवर खर्रा घोटणारे हात दिवसभर थांबत नाहीत.

लाखांचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. दात स्क्रूने बसवणार का, म्हणजे दुरुस्तीसाठी काढता येतील? ते एकसंध झिर्कोनियाचे की वर थर असलेले? टवका उडाला तर खर्च कोणाचा? आणि स्क्रू सैल झाला तर तो घट्ट कोण करणार? दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून मुंबई-पुण्याला जाऊन दात बसवणाऱ्यांसाठी हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दर सहा महिन्यांची तपासणी जवळ होणार नसेल, तर साधी कवळी किंवा दोन इम्प्लांटवर अडकणारी काढ-घाल कवळी हा कमी प्रतीचा नव्हे, शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो.

वॉशिंग्टन यांच्याकडे पैसा होता, त्या काळातले उत्तम दंतवैद्य होते. नव्हती ती कीड वेळीच भरण्याची आणि हिरड्या वाचवण्याची सोय. ती आज अमरावतीच्या दंत महाविद्यालयात आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत आहे. पहिला दात हलू लागला की तिथे जावे. शेवटचा दात पडेपर्यंत थांबू नये.