अंबिकातनयदत्त

आपल्या जोयडा तालुक्यात पुष्कळांच्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड. मग आपण नेमके कोण, असा प्रश्न विद्यार्थ्यांस पडतो. अशा वेळी आम्ही त्यांस दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे चरित्र सांगतो.

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. घरची भाषा मराठी, गावची कन्नड. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते धारवाडास परतले व शिक्षक झाले. काव्य त्यांनी कन्नडात रचले. परंतु त्यावर नाव घातले ते मातेचे. अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त! ‘नरबलि’ या कवितेपायी त्यांस ब्रिटिश अमदानीत कारावास घडला. १९४४ ते १९५६ या काळात त्यांनी सोलापुरात कन्नड शिकविले आणि मराठीतही लेखन केले. ‘नाकु तंती’ या काव्यसंग्रहास १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, कन्नडचे वरकवी होण्यासाठी बेंद्रे यांस घरची भाषा टाकावी लागली नाही. वर्गात कोकणी शब्द तोंडून निघाला, तर मान खाली घालू नका. आणि कन्नड परकी मानून तिच्याकडे पाठही फिरवू नका.