तेरा नियमांचे जनक

बहुतेक खेळांना जन्मतारीख नसते. कुस्ती, हुतूतू किंवा क्रिकेट हे खेळ पिढ्यानुपिढ्या खेळले जाऊन घडत गेले आणि त्यांचे नियम मागाहून कागदावर आले. बास्केटबॉलचे मात्र नेमके उलट झाले. आधी तेरा नियम लिहिले गेले आणि मग २१ डिसेंबर १८९१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील एका व्यायामशाळेत त्या नियमांबरहुकूम खेळाला प्रारंभ झाला. हे नियम लिहिणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांना त्यानंतर जवळजवळ ४८ वर्षांचे आयुष्य लाभले. या काळात त्यांच्या डोळ्यांदेखत त्या नियमांपैकी बरेचसे बदलले. काही बदल त्यांनी आनंदाने स्वीकारले, काहींना विरोध केला. मात्र, आपण जन्म दिलेल्या खेळावर आपला हक्क आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ एका स्कॉटिश कुटुंबात झाला. १८७० साली विषमज्वराने आई आणि वडील दोघांचाही बळी घेतला, तेव्हा ते नऊ वर्षांचेही पुरते झाले नव्हते. पुढे मामाच्या घरी ते वाढले. मामा कडक शिस्तीचे होते. शेतीची कामे, जनावरांची देखभाल, जंगलातली लाकूडतोड यांतच त्यांचे बालपण गेले. मधल्या काळात त्यांनी शाळा सोडली आणि काही वर्षे लाकूडतोड्यांच्या तळावर मजुरीही केली. नंतर मात्र जिद्दीने ते शाळेत परतले आणि १८८३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले.

धर्मोपदेशक होण्याचे त्यांनी ठरविले होते आणि पदवीनंतर धर्मशास्त्राचे शिक्षणही पूर्ण केले. परंतु, विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस आणि व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्स यांत ते तितकेच रमत. त्या काळच्या धर्मनिष्ठ मंडळींना मैदानी खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटे. नेस्मिथ यांना मात्र व्यासपीठावरून शंभर प्रवचने देण्यापेक्षा मैदानावर तरुणांना संयम शिकविणे अधिक मोलाचे वाटू लागले. आप्तांची नाराजी पत्करून १८९० साली ते स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात आले.

तेथील शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्यावर एक अवघड काम सोपविले. संस्थेचे सचिव होण्यासाठी शिकणाऱ्या १८ प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. शरद ऋतूत फुटबॉल खेळणाऱ्या या मंडळींना बर्फ पडू लागताच व्यायामशाळेत कवायत करावी लागे. त्या कंटाळवाण्या कवायतीने ते हैराण झाले होते आणि आधीच्या दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. बंदिस्त जागेत, कृत्रिम उजेडात खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढण्यासाठी नेस्मिथ यांना दोन आठवड्यांची मुदत मिळाली.

प्रथम त्यांनी फुटबॉल आणि लॅक्रॉस व्यायामशाळेच्या चार भिंतींत बसविण्याचा प्रयत्न केला. तो फसला. खिडक्यांना आणि हातापायांना सारखाच धोका निर्माण झाला. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मुळापासून विचार सुरू केला. खेळात धसमुसळेपणा कशामुळे येतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवून पाडावे लागते, म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्यालाच मनाई केली तर पाडण्याचे कारणच उरणार नाही. गोल उभा असला की चेंडू जोराने मारला जातो. तोच आडवा आणि डोक्याच्या वर ठेवला तर जोर निरुपयोगी ठरतो, चेंडू कमान करून अलगद टाकावा लागतो. येथे त्यांना लहानपणीचा एक खेळ आठवला. आपल्याकडच्या लगोरीशी दुरून नाते सांगणाऱ्या या खेळात मोठ्या खडकावर ठेवलेला दगड दुरून दगड मारून पाडायचा असे आणि ताकदीने भिरकावणाऱ्यापेक्षा नेम धरून कमानीत टाकणारा त्यात सरस ठरे.

अशा रीतीने तेरा नियम तयार झाले. चेंडू हातानेच खेळायचा, पण मूठ मारायची नाही. खांद्याने धक्का देणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे निषिद्ध. दुसऱ्यांदा असे करणारा खेळाडू पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका बाजूने लागोपाठ तीन नियमभंग केले तर प्रतिपक्षाला एक गोल बहाल. एक पंच माणसांवर लक्ष ठेवणारा, दुसरा चेंडूवर. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. शिपायाकडे खोकी मागितली असता त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर आली. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते आणि उभ्या खेळात एकच गोल झाला. खेळाला शोधकर्त्याचेच नाव द्यावे, अशी सूचना एका विद्यार्थ्याने केली, तेव्हा नेस्मिथ यांनी ती हसण्यावारी नेली आणि बास्केटबॉल हे साधे नाव पत्करले.

१५ जानेवारी १८९२ रोजी विद्यालयाच्या नियतकालिकात हे नियम छापून आले आणि वायएमसीएच्या शाखांमार्फत खेळ वणव्यासारखा पसरला. स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी मैदानाचे भाग पाडून स्त्रियांसाठी त्याचे वेगळे नियम केले. १८ जानेवारी १८९६ रोजी शिकागो आणि आयोवा या विद्यापीठांत प्रत्येकी पाच खेळाडूंचा सामना झाला आणि शिकागोने तो १५-१२ असा जिंकला. स्प्रिंगफील्डची परंपरा पुढे भारतातही पोहोचली. तेथेच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचे वायएमसीए महाविद्यालय स्थापन केले.

खेळ पसरला तशा नियमांतील उणिवाही दिसू लागल्या. सज्जात बसलेले प्रेक्षक वाकून चेंडू अडवीत किंवा आत ढकलीत. त्यांना रोखण्यासाठी टोपलीमागे फळी आली. मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूला जो प्रथम हात लावील त्याचा तो चेंडू, असा मूळ नियम होता. त्यामुळे खेळाडू जिन्यावरून आणि कठड्यावरून चेंडूमागे धावत. १९१३ साली तो चेंडू सरळ प्रतिपक्षाला देण्याचे ठरले. गोलाला दोन आणि फ्री थ्रोला एक गुण आला. खेळाडूंची संख्या पाचवर स्थिरावली. तळ उघडा असलेली जाळी आली आणि प्रत्येक गोलानंतर चेंडू बाहेर काढण्याची यातायात संपली. अशा सुधारणांना नेस्मिथ यांचा विरोध नव्हता. आपले तेरा नियम ही सुरुवात आहे, हे ते जाणून होते.

दरम्यान ते स्वतः दुसऱ्याच वाटेने निघाले होते. १८९५ साली ते डेन्व्हरला गेले आणि तेथे वैद्यकाची पदवी घेऊन १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे प्रमुख आणि शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून रुजू झाले. बास्केटबॉलच्या संघाची धुराही ओघानेच त्यांच्याकडे आली. नऊ हंगामांत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या नामांकित विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले प्रशिक्षक एकच, ते म्हणजे या खेळाचे जनक. त्यांना याचे वैषम्य नव्हते. सामन्याला ते पुष्कळदा पंच म्हणून उभे राहत. मुळात हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे त्यांचे मत होते.

हे मत खोडून काढले ते त्यांच्याच विद्यार्थ्याने. फॉरेस्ट ॲलन ऊर्फ फॉग ॲलन हे नेस्मिथ यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे प्रशिक्षण हा एक स्वतंत्र व्यवसाय करून दाखविला. कॅन्ससच्या संघाला त्यांनी ५९० विजय मिळवून दिले. गुरू-शिष्यांचा स्वभाव भिन्न, खेळाकडे पाहण्याची दृष्टी भिन्न, तरीही स्नेह अखेरपर्यंत टिकला. १९२७ साली नियम समितीने ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची क्रिया, एका टप्प्यापुरती मर्यादित करण्याचे ठरविले. ॲलन यांनी देशभरातील प्रशिक्षकांना संघटित करून हा निर्णय फिरविला. ड्रिबल मूळ तेरा नियमांत नव्हते. अडचणीत सापडलेल्या खेळाडूंनी ते आपल्या युक्तीने शोधून काढले होते. नेस्मिथ यांना मात्र ते खेळातील एक देखणे अंग वाटे, कारण त्यात चापल्य होते आणि धक्काबुक्की नव्हती.

बदलांबाबत त्यांची कसोटी हीच होती. नवा नियम आपल्या मूळ नियमाशी जुळतो का, हे ते पाहत नसत. तो आपल्या मूळ हेतूशी जुळतो का, हे पाहत. या कसोटीवर न उतरणारे बदलही झाले. गोलानंतर प्रत्येक वेळी मैदानाच्या मध्यभागी पंच चेंडू वर उडवी आणि दोन्ही संघांचा एकेक खेळाडू त्यासाठी उडी घेई. यात वेळ जातो आणि उंच खेळाडूच्या संघालाच चेंडू पुन्हा पुन्हा मिळतो, अशी तक्रार होती. पश्चिम किनाऱ्यावरील सॅम बॅरी आणि कॅन्ससमध्येच शिकलेले जॉन बन या प्रशिक्षकांनी ही प्रथा बंद करण्याचा आग्रह धरला. चेंडू मिळविण्याची मुभा सर्वांना सारखी असावी, हे नेस्मिथ यांच्या मूळ तत्त्वांपैकी एक. त्यांनी या बदलाला विरोध केला. १९३७-३८ च्या हंगामापासून ती उडी गेली. खेळ वेगवान झाला, गुणसंख्या वाढली आणि प्रेक्षकही. या बाबतीत काळाने नेस्मिथ यांच्या विरुद्ध निकाल दिला, असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र ते काळाच्या पुढे होते. १९३० च्या दशकात जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकण्यास आला. वर्णभेदाच्या रूढीमुळे विद्यापीठाच्या संघाची दारे त्याला बंद होती. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या छायेखाली घेतले आणि प्रशिक्षक होण्याची वाट दाखविली. मॅक्लेंडन १९३६ साली पदवीधर झाले. वेगवान आक्रमणाची शैली रुजविणाऱ्या आद्य प्रशिक्षकांत त्यांची गणना होते आणि १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या टेनेसीच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले.

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. नेस्मिथ यांची ऐपत जर्मनीच्या प्रवासाइतकी नव्हती. खेळाचे स्वामित्वहक्क त्यांनी कधी घेतलेच नव्हते. तेव्हा ॲलन आणि इतर प्रशिक्षकांनी सामन्यांच्या तिकिटांतून निधी उभारून त्यांना पाठविले. अंतिम सामना उघड्यावरच्या मातीच्या मैदानात भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे ड्रिबल अशक्यच होते. अमेरिकेने कॅनडावर १९-८ अशी मात केली. एक त्यांची जन्मभूमी, तर दुसरी १९२५ साली त्यांनी नागरिकत्व पत्करलेली कर्मभूमी. पदकप्रदानाला ७४ वर्षांचे नेस्मिथ उपस्थित होते.

पुढील वर्षी त्यांच्या पत्नी मॉड यांचे निधन झाले आणि तेही सेवानिवृत्त झाले. मार्च १९३९ मध्ये महाविद्यालयीन संघांची पहिली एनसीएए अजिंक्यपद स्पर्धा झाली. ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवून ती जिंकली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला कॅन्ससमधील लॉरेन्स येथे मेंदूतील रक्तस्रावाने नेस्मिथ यांचे देहावसान झाले. त्यांचे बास्केटबॉलवरील पुस्तक १९४१ साली मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या नियमांची खटपट त्यानंतरही थांबली नाही. टोपलीत उतरणारा चेंडू उंच खेळाडू वरच्या वर अडवू लागले, तेव्हा १९४४-४५ मध्ये त्याला बंदी आली. १९६७ साली चेंडू वरून टोपलीत आपटण्यावर बंदी घातली गेली आणि १९७६-७७ पासून ती उठली. आघाडी मिळताच चेंडू नुसता आपसांत फिरवीत वेळ काढण्याची युक्ती बोकाळली, म्हणून १९८५-८६ पासून ४५ सेकंदांत टोपलीकडे चेंडू टाकण्याचे बंधन आले. २०१५-१६ पासून ते ३० सेकंदांवर आले. दुरून केलेल्या गोलाला १९८६-८७ पासून तीन गुण मिळू लागले. महिलांच्या सामन्यांत २०१५-१६ पासून दहा मिनिटांची चार सत्रे आली. पुरुषांच्या सामन्यांतही तसेच करावे काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

या साऱ्या वादांत नेस्मिथ यांचा मूळ प्रश्न अजून उपयोगी पडतो. पिछाडीवरचा संघ अखेरच्या मिनिटांत घड्याळ थांबविण्यासाठी जाणूनबुजून नियमभंग करतो आणि शेवटची दोन मिनिटे लांबत जातात, ही महाविद्यालयीन खेळाविषयीची जुनी तक्रार आहे. लागोपाठच्या तीन नियमभंगांबद्दल प्रतिपक्षाला एक गोल देणारा सातवा नियम नेस्मिथ यांनी लिहिला तो नेमका याच जाणिवेतून. नियम मोडणे कोणालाही फायद्याचे ठरू नये, हे त्यामागचे साधे सूत्र होते.

नियमांचे दोन टंकलिखित कागद डिसेंबर २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले आणि पुढे कॅन्सस विद्यापीठात लोकांसाठी मांडले गेले. त्या कागदांवरील बहुतेक नियम आज मूळ रूपात उरलेले नाहीत. विचारपूर्वक लिहिलेले शब्द बदलले आणि निव्वळ योगायोगाने ठरलेली टोपलीची दहा फुटांची उंची मात्र कायम राहिली. ती बारा फूट करावी म्हणून फॉग ॲलन यांनी वर्षानुवर्षे मोहीम चालविली, तरीही ती बदलली नाही. त्या उंचीवरच्या टोपलीत जोराने भिरकावलेला चेंडू जात नाही, तो आजही कमानीतच टाकावा लागतो. नेस्मिथ यांना खेळाडूंकडून एवढेच हवे होते.