स्लोकमच्या होडीतला कापूस

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून माझी नजर आधी खर्चावर जाते: ५५३ डॉलर ६२ सेंट आणि १३ महिन्यांची मेहनत. अमेरिकेतल्या फेअरहेवनला शेतात पडलेली जुनी ‘स्प्रे’ जोशुआ स्लोकमने एवढ्यात जवळजवळ नव्याने बांधली. (मी कर्ज नाकारलं असतं!) फळ्यांच्या फटींत त्याने कापूस ठासला. पाण्यात तो निसटेल, असं तिथल्या जाणत्यांनी बजावलं. याने वरून जुन्या दोरखंडाचे तंतू ठोकले. कापूस जागचा हलला नाही. १८९५ ते १८९८, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा, ४६,००० मैल! पोहता मात्र येत नव्हतं. १९०९च्या सुमारास तो त्याच होडीतून पुन्हा एकटा निघाला. दोघंही परतली नाहीत.