ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (१८५० – १९१०) या एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखिका होत्या. वऱ्हाडातील बुलढाणा हे त्यांचे गाव. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. भारतातील स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुरुषांनी शास्त्रांत, काव्यांत, नाटकांत आणि वर्तमानपत्रांत स्त्रीचे जे चित्र रंगविले व तिला जी दूषणे दिली, त्यांची एकेक करून तपासणी या निबंधात केली आहे. जिचे वर्णन इतर लोक करीत आले, तिनेच वर्णन करणाऱ्यांना जाब विचारावा, ही गोष्ट त्या काळच्या मराठी वाङ्मयात जवळजवळ नवीनच होती.

बालपण व कुटुंब

ताराबाईंचा जन्म १८५० मध्ये बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. वऱ्हाड प्रांत निजामाच्या मालकीचा असला, तरी १८५३ च्या करारानंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे आला होता. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे याच कारभारात महसूल खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद होते. त्यांनी स्वतः १८७१ मध्ये ‘हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले होते.

त्या काळी बुलढाण्याच्या परिसरात मुलींसाठी शाळा नव्हती. ताराबाई ही बापूजींची एकुलती एक मुलगी. तिला मराठी, संस्कृत व इंग्रजी त्यांनी घरीच शिकविले. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू केली होती खरी. परंतु वऱ्हाडातील एका मराठा घरात मुलीच्या हाती तीन भाषांचे ग्रंथ येणे ही फार वेगळी गोष्ट होती. प्रतिष्ठित मराठा कुटुंबांत स्त्रियांनी पडद्यात राहावे, असा दंडक असे. आपण अशाच घरातील चार भिंतींच्या आत वाढलेली स्त्री असल्याचे ताराबाईंनी निबंधाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे.

त्यांचा विवाह लहान वयात झाला. पती सासरवाडीसच घरजावई म्हणून राहिले, त्यामुळे ताराबाईंना माहेर सोडावे लागले नाही. त्यांना अपत्य नव्हते. सासरच्या घरात सुनेवर पडणारी बंधने त्यांच्या वाट्याला आली नाहीत. लेखनाला लागणारे स्वातंत्र्य त्यांना काही अंशी यामुळेच लाभले असावे.

विजयालक्ष्मी खटला

निबंधाला निमित्त झाला तो १८८१ मधील सुरतेचा एक खटला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर, वैधव्यात झालेल्या मुलाची हत्या केल्याचा आरोप होता. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलानंतर ती शिक्षा काळ्या पाण्याची झाली. उच्च जातींत विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. १८५६ च्या कायद्याने ती दिली असली, तरी ती कागदावरच राहिली होती. गर्भवती झालेल्या विधवेपुढे भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा बेअब्रू एवढेच मार्ग उरत. अशा विधवांसाठी फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, त्याला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

या खटल्याची चर्चा देशी वर्तमानपत्रांत गाजली. ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रात आलेल्या लेखात एका स्त्रीच्या कृत्यावरून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर ठपका ठेवण्यात आला होता. विधवेविषयीचा तिरस्कार नेहमीच्या बोलीतही किती मुरलेला होता, हे ‘रांड’ या एका शब्दावरून कळते: विधवा हा त्याचा अर्थ, आणि शिवी म्हणूनही तोच वापरला जाई. विजयालक्ष्मीशी संबंध असणारा पुरुष मात्र या सर्व चर्चेत दिसत नव्हता. ताराबाईंनी आपल्या निबंधात नेमके त्यालाच समोर उभे केले.

निबंधाची मांडणी

पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५०० होत्या आणि किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत अधिक साहसी, म्हणजे अविचारी व दुष्कृत्याला धजावणारे, कोण, हा निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी ताराबाईंनी प्रतिपक्षाचेच शस्त्र निवडले. भर्तृहरीच्या शृंगारशतकात आढळणाऱ्या एका संस्कृत श्लोकात स्त्रीवर संशय, उद्धटपणा, साहस, दोष, कपट, अविश्वास अशा आरोपांची सरबत्ती आहे. पिढ्यान् पिढ्या पंडित तो सुभाषित म्हणून म्हणत आले. ताराबाईंनी त्यातील प्रत्येक दूषण वेगळे काढले, ते पुरुषांच्या वर्तनावर ताडून पाहिले, आणि बहुतेक ठिकाणी ते पुरुषांनाच अधिक लागू पडते असे दाखविले. स्त्रियांच्या अंगी दोष नाहीतच, असा त्यांचा दावा नाही. अज्ञान हे त्यांनी कबूल केले आहे. परंतु ज्यांनी शिक्षणाची दारे बंद केली, त्यांनी अज्ञानाबद्दल नावे ठेवणे त्यांना मान्य नाही.

कपटाच्या मुद्द्यावर त्यांची लेखणी विशेष चालते. अंगाला राख फासून, जटा वाढवून गोसावी-बैरागी बनणारे आणि भोळ्या लोकांना नाडणारे भोंदू त्यांनी बारकाईने रंगविले आहेत. व्यभिचाराच्या आरोपाला त्यांचे उत्तर असे, की त्या वाटेवरचे पहिले पाऊल पुरुष टाकतो. फसवून घराबाहेर काढलेल्या स्त्रीला सोडून देतो आणि मग वेश्या म्हणून तिलाच दोष देतो. लहान मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधणे, विधुराने लगेच दुसरा संसार थाटणे आणि विधवेला मात्र जन्मभर कोपऱ्यात बसविणे यांवर त्यांनी कडाडून टीका केली आहे. पतीच्या प्राणांसाठी सावित्री यमापर्यंत गेली. पत्नीसाठी असे कोणता पती गेला, हा त्यांचा प्रश्न पुढेही अनेकदा विचारला गेला. पुराणांतील देव आणि ऋषी यांच्या वर्तनाचीही त्यांनी भीडमुर्वत न ठेवता चिकित्सा केली आहे.

सुधारक म्हणवणाऱ्या पुरुषांनाही त्यांनी सोडलेले नाही. इंग्रजी पोशाख व विलायती माल जवळ करून देशी कारागिरांचे धंदे बुडविणारा शिकलेला पुरुष घरातील स्त्रीकडून मात्र जुन्या धर्माची अपेक्षा करतो, या विसंगतीवर त्यांचा रोख आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आहे, कारण स्त्रीशिक्षण त्याच राज्यात शक्य झाले, अशी त्यांची समजूत होती.

नाटक-कादंबऱ्यांतील स्त्री

निबंधाचा एक भाग तत्कालीन ललित वाङ्मयाविषयी आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या लोकप्रिय कादंबऱ्या, तसेच ‘मनोरमा’ नाटक व ‘स्त्रीचरित्र’ यांचा त्यात उल्लेख येतो. या पुस्तकांतील स्त्रिया घराघरांतील स्त्रियांशी जुळत नाहीत, अशी ताराबाईंची हरकत आहे. लेखकाच्या कल्पनेतील मोहिनी किंवा कुलटा पुस्तकात उतरते, वाचक तिला खरी मानतो, आणि तिच्यावरून शेजारच्या बाईची परीक्षा करतो. मराठी समीक्षेचा इतिहास सहसा या पानांची दखल घेत नाही. परंतु स्त्रीच्या साहित्यातील चित्रणावर एका स्त्रीनेच घेतलेले हे आरंभीचे आक्षेप आहेत.

त्या काळच्या नाटक मंडळ्यांकडे पाहिले, की या आक्षेपाचे वजन कळते. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये आणि ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये, म्हणजे ताराबाईंच्या निबंधाच्याच वर्षी, रंगमंचावर आले. शकुंतला आणि सुभद्रा पुरुषाने लिहिल्या, पुरुषानेच लुगडे नेसून रंगविल्या, आणि प्रेक्षागृहही मुख्यतः पुरुषांचेच होते. भाऊराव कोल्हटकरांसारखे नट स्त्रीभूमिकांमुळे कमालीचे लोकप्रिय झाले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटातही तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. स्त्री कलावंत पडद्यावर आल्या त्या त्यानंतर, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये.

अमेरिकेत हीच गोष्ट वर्णाच्या बाबतीत घडत होती. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांच्या बोलण्या-नाचण्याची टवाळी करीत, आणि ते खेळ तुडुंब चालत. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या मूकपटात प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे गोऱ्या नटांनीच केली. गोऱ्या दिग्दर्शकांच्या संवादांतील वर्णद्वेषी शिव्यांवर कृष्णवर्णीय कलावंत हरकत घेऊ लागले, तेव्हाही प्रश्न हाच होता: ज्याला तो शब्द कधी झेलावा लागत नाही, त्याने तो किती सहजपणे वापरावा? क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘जॅकी ब्राउन’ (१९९७) या चित्रपटावरून स्पाइक ली यांनी जाहीरपणे घेतलेला आक्षेप याच स्वरूपाचा होता.

महाराष्ट्रात जातीच्या बाबतीत असा आवाज ताराबाईंच्याही आधी उमटला होता. फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये आला होता.

भाषा आणि मर्यादा

ताराबाईंचे गद्य शास्त्री-पंडितांच्या वळणाचे नाही. वाक्ये लांब आणि धावती आहेत. म्हणी, टोमणे, घरगुती दाखले यांनी भरलेली आहेत. मध्येच त्या पुरुषांना थेट उद्देशून बोलतात, तर मध्येच देवाला जाब विचारतात. बायकांची माजघरातील बोली छापील पुस्तकात इतक्या मोकळेपणाने क्वचितच आली असेल. पुरुषांना त्या झोंबतील असे शब्द वापरतात, आणि त्याबद्दल प्रस्तावनेत क्षमाही मागतात. ही क्षमा कितपत मनापासूनची आहे, ते वाचकाला पुढच्या पानांवर कळते.

निबंधाच्या मर्यादाही आहेत. त्यातील स्त्री प्रामुख्याने उच्च व प्रतिष्ठित जातींतील आहे. शेतात राबणाऱ्या किंवा अस्पृश्य मानलेल्या स्त्रीचे जग त्यात फारसे येत नाही. वेश्यांच्या वाट्याला आलेल्या फसवणुकीविषयी कळकळ आहे, पण त्यांचे वर्णन करताना लेखणी कठोरही होते. दुसऱ्यांनी केलेल्या वर्णनाची चिकित्सा करणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रतिसाद

जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा चिरंजीविनी असा उल्लेख करून त्यांच्या पुस्तकाचा पुरस्कार केला आणि आपल्या सहकाऱ्यांनी ते वाचावे, असे सुचविले. त्यानंतर मात्र पुस्तक विस्मृतीत गेले. १८८२ मध्येच पंडिता रमाबाई यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. रमाबाईंना पुणे-मुंबईत सभा, संस्था आणि वाचक लाभले. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंच्या मागे असे कोणतेही वर्तुळ नव्हते. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हेच त्यांचे एकमेव प्रकाशित पुस्तक ठरले. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुनर्शोध

संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा निबंध पुन्हा प्रकाशित केला, आणि ९३ वर्षांनी त्याला नवे वाचक मिळाले. संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. पुढे विलास खोले यांनीही त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली. सुझी थरू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय लेखिकांच्या इंग्रजी संकलनात (१९९१) निबंधातील काही भाग माया पंडित यांच्या अनुवादात आला. इतिहासकार रोझलिंड ओ’हॅनलन यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.