स्टीफन पॅजेट

स्टीफन पॅजेट (१७ जुलै १८५५ - ८ मे १९२६) हे इंग्लिश शल्यचिकित्सक व लेखक होते. कर्करोग ठरावीक अवयवांतच का पसरतो, याविषयी त्यांनी १८८९ साली मांडलेला विचार 'बी आणि जमीन' सिद्धांत म्हणून ओळखला जातो.

जीवन

प्रख्यात शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांचे ते पुत्र. 'पॅजेटचा रोग' हे नाव वडिलांवरून पडले आहे. पितापुत्रांची गल्लत अनेकदा होते. स्टीफन यांचे शिक्षण ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात व लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात झाले.

बी आणि जमीन

अर्बुदापासून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर वाहत जाऊन जिथे अडकतील तिथे वाढतात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणींच्या यकृतात रोग पसरला होता, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणींच्या. प्लीहेची रोहिणी यकृताच्या रोहिणीपेक्षा मोठी असल्याने हा फरक योगायोगाचा असणे शक्य नव्हते. हाडांतही हीच निवड दिसे. हातापायांच्या पंजांची हाडे जवळजवळ नेहमीच सुटत. यावरून, बी वाऱ्याने सर्वत्र उडाले तरी अनुकूल जमिनीतच रुजते, तसेच कर्कपेशींचे असावे, असे अनुमान त्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये मांडले. या कल्पनेचे श्रेय त्यांनी आपल्याआधी तशीच मांडणी करणाऱ्या फुक्स यांनाही दिले.

अन्य कार्य

छातीच्या शस्त्रक्रियांवरील त्यांचा ग्रंथ १८९६ साली निघाला. हृदयावरील शस्त्रक्रियेने आपली नैसर्गिक सीमा गाठली आहे, असे त्यात त्यांनी लिहिले; त्याच वर्षी लुडविग रेन यांनी फ्रँकफुर्ट येथे हृदयाची जखम यशस्वीपणे शिवली. प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोगांच्या समर्थनार्थ पॅजेट यांनी १९०८ साली रिसर्च डिफेन्स सोसायटी स्थापन केली.

सिद्धांताचे पुनरुज्जीवन

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी, रोगाचा प्रसार रक्तवाहिन्यांच्या रचनेवरूनच ठरतो, असे प्रतिपादन केले. यात काही अंशी तथ्य होते, परंतु त्यामुळे पॅजेट यांचा विचार दीर्घकाळ मागे पडला. १९८० साली आयन हार्ट व आयझेया फिडलर यांनी उंदरांमध्ये फुप्फुस, बीजकोश व मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोपून मेलॅनोमाच्या पेशी रक्तात सोडल्या. फुप्फुसाच्या व बीजकोशाच्या तुकड्यांत अर्बुदे वाढली, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत वाढली नाहीत. ज्या प्रयोगपद्धतीचा पॅजेट यांनी कैवार घेतला, तिनेच त्यांच्या सिद्धांताला पुष्टी दिली.

बी आणि जमीन यांची ओळख कशी पटते, याचे उत्तर बऱ्याच अंशी पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंत सापडते. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते. ते नाहीसे झाल्यास कर्कपेशी सुट्या होऊन भोवतालच्या ऊतींत शिरू लागतात. इंटेग्रिन प्रथिनांमुळे त्या नव्या जागी पकड घेतात. स्तनाच्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर४ हा ग्राही विपुल असतो, असे २००१ साली दिसून आले. त्याला आकर्षून घेणारे प्रथिन लसिकाग्रंथी, फुप्फुसे, यकृत व अस्थिमज्जा यांत मोठ्या प्रमाणात तयार होते, आणि स्तनाचा कर्करोग प्रामुख्याने याच ठिकाणी पसरतो.