हाताचा विटाळ मानणारे तत्त्वज्ञान आणि जॉन ड्युई

जॉन ड्युई हे नाव आपल्या सभांत बाबासाहेबांचे गुरू म्हणून घेतले जाते आणि टाळ्या पडतात. पण या माणसाने तत्त्वज्ञानाला कोणता जाब विचारला, हे आम्ही कार्यकर्ते क्वचितच सांगतो.

अमेरिकेतील बर्लिंग्टन या गावी १८५९ साली एका किराणा दुकानदाराच्या घरी ड्युई जन्मले. त्याच वर्षी डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तरुणपणी ते हेगेलचे अनुयायी होते. पुढे डार्विनने त्यांना जमिनीवर आणले. १८९६ साली शिकागोत त्यांनी शाळा काढली. तिथे मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करीत शिकत.

१९१९ साली टोकियोत दिलेल्या व्याख्यानांत आणि १९२९ च्या ‘द क्वेस्ट फॉर सर्टन्टी’ या ग्रंथात त्यांनी दुखऱ्या नसेवरच बोट ठेवले. प्राचीन ग्रीसमध्ये राबणारे गुलाम आणि कारागीर. विचार करणारे मात्र फुरसतीचे धनी. म्हणून न बदलणाऱ्या सत्याचे चिंतन श्रेष्ठ ठरले आणि हाताने मिळवलेले ज्ञान हलके. म्हणजे ज्ञानातही उच्चनीचता! आम्हाला हे समजायला ग्रीसपर्यंत जावे लागत नाही. आधुनिक विज्ञानाने ही उतरंड मोडली. गॅलिलिओने भिंगे घासली, उतारावरून गोळे सोडले, तेव्हा ज्ञान पुढे गेले. करून पाहणे हाच जाणण्याचा मार्ग ठरला.

मग तत्त्वज्ञान निकालात निघाले काय? ड्युई तसे म्हणत नाहीत. विज्ञानाने अणू फोडला तरी तो कशासाठी वापरायचा, हा प्रश्न उरतोच. त्यांचे म्हणणे एवढेच की रूढी, नीती, मूल्ये यांनाही परिणामांची कसोटी लावा. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर उलटतपासणीला नकार देणाऱ्या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरू नका, मग तो साक्षीदार धर्मग्रंथ का असेना. ड्युईंची भाषा बोजड आहे, वाचताना दमछाक होते. पण हा मुद्दा स्वच्छ आहे.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी त्यांची व्याख्याने ऐकली. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ड्युईंचे ऋण त्यांनी मान्य केले आणि ती कसोटी थेट शास्त्रांना लावली, जे गुरूंनी कधी केले नव्हते.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. ड्युई त्याच शहरात १ जूनला वारले होते. भेट चार दिवसांनी हुकली.