पाच रुपयांचे पु. ल.

आमचे घाटनांदूर परळी-विकाराबाद लोहमार्गावरचे गाव. परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना एक जुने पाकीट हाती लागले. आतले पत्र कधीच गहाळ झालेले. तिकीट मात्र शाबूत. पु. ल. देशपांडे यांचे, पाच रुपयांचे, १६ जून २००२ रोजी टपाल खात्याने काढलेले.

तिकीट पाहिले आणि मला 'बटाट्याची चाळ' आठवली. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली ही गिरगावातली काल्पनिक चाळ. मी मराठवाड्यातला, चाळ कधी पाहिलेलीही नव्हती. तरी वजन उतरवण्यासाठी उपास धरणारे पंत आणि त्यांना सल्ले देणारे शेजारी मला आमच्याच गल्लीतले वाटले. १९६१ पासून पुलंनी ही अख्खी चाळ एकट्याने रंगमंचावर उभी केली. शेवटी ती पाडली जाण्याची वेळ येते, तेव्हा हसता हसता घसा दाटून येतो.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेला हा माणूस पार्ल्यात वाढला. मास्तरकी केली, बेळगावात प्राध्यापकी केली, पेटी वाजवली, चित्रपट काढले. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण नुसते हसवणारे म्हणून त्यांना कोनाड्यात बसवणे अन्यायाचे. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत ते सत्तेविरुद्ध सभांतून बोलले. १९९६ साली सरकारचा 'महाराष्ट्र भूषण' स्वीकारतानाच त्यांनी हुकूमशाहीच्या भाषेविषयी जाहीर नापसंती दाखवली. सत्कार घ्यावा आणि खरेही बोलावे, हे किती जणांना जमते? पैशाचेही तसेच. १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रामागे पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी होती.

१२ जून २००० रोजी ते गेले; तो त्यांच्या लग्नाचा चौपन्नावा वाढदिवस होता. दोन वर्षांनी, सत्तेला सुनावणाऱ्या या माणसाला टपाल खात्याने तिकिटावर आणले. उपहास करणाऱ्याचा असा मान व्हावा, हे मला लोकशाहीचे चांगले लक्षण वाटते.

नातीने विचारले, हे आजोबा कोण? मी तिकीट तिच्या हाती दिले आणि फडताळातून 'चाळ' काढली. पंतांच्या उपासापासून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ती हसली.